अंगठ्याने जोखायचा ताण

ट्रॅक्टरचे बॉनेट उघडले की रेडिएटर आणि इंजिन यांच्यामधल्या वीतभर जागेत एक काळा रबरी पट्टा दिसतो. पुस्तकात तो 'पंख्याचा पट्टा' असतो. चाकणच्या बाजारात, भोसरीच्या गॅरेजात किंवा मोशीच्या गोठ्यात मात्र तो फॅनबेल्टच, आणि घाईत असलेल्या माणसासाठी नुसता 'बेल्ट'. इंजिन दुरुस्तीच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ. तरी जुने इंजिन तापून हेड वाकल्याच्या ज्या कहाण्या मी या पट्ट्यात (भौगोलिक अर्थाने) ऐकल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या रबराच्या वेढ्यापासून सुरू झालेल्या होत्या.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहीत होते. खरेदीच्या बिलांवर 'बी ५२', 'ए ३६' अशा नोंदी येत, त्यांचा अर्थ विचारता विचारता यंत्रांच्या नादी लागले. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या गावांत अजून चालू असलेले जुने ट्रॅक्टर पाहणे, त्यांच्या पुस्तिका मिळवणे आणि ते चालवणाऱ्यांचे ऐकून लिहून ठेवणे हा आता माझा उद्योग आहे.

या भागातच असे ट्रॅक्टर का शोधायचे, असे मला विचारतात. हा तर मोटारींचा मुलूख. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ मध्ये टेल्कोने पाय रोवले, आणि नंतर चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत शेडच शेड उभ्या राहिल्या. जमिनी गेल्या, पण ट्रॅक्टर सगळे गेले नाहीत. कुठे दोन एकर कांदा राहिला आहे, तिथे ते चालतात. त्याहून जास्त ते टँकर ओढतात, विटा-वाळू वाहतात, आळंदी-देहूच्या वारीत दिंडीचे सामान नेतात आणि अनंत चतुर्दशीला मंडळाच्या गणपतीची ट्रॉली ओढतात. शेवटची दोन कामे पट्ट्याच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. ती का, ते पुढे येईलच.

यांतला माझ्या विशेष ओळखीचा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. हे मूळ इंग्लंडमधले यंत्र. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५८ मध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्यातून ते बाजारात आणले. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हेच मॉडेल बनू लागले. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, ताकद साधारण ३५ अश्वशक्ती. पुण्याच्या घाटमाथ्यावर आणि पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात हा ट्रॅक्टर इतका रुळला की जुनी माणसे अजूनही त्याला 'इंटरनॅशनल' म्हणतात. मद्रासला बनलेले मॅसी फर्ग्युसन आणि फरिदाबादचे आयशरही इथे आहेत. आयशरचे जुने इंजिन हवेवर थंड होणारे असल्याने त्याचा विचार वेगळा करावा लागतो, म्हणून ते इथे बाजूला ठेवते.

पट्ट्याचा रस्ता त्रिकोणी असतो. खाली क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली, वर पाण्याच्या पंपाची आणि पंख्याची एकत्र पुली, आणि एका बाजूला डायनामोची छोटी पुली. क्रँक फिरवतो, बाकीची दोन फिरतात. पंप इंजिनातले तापलेले पाणी रेडिएटरकडे ढकलतो, पंखा त्या रेडिएटरमधून हवा ओढतो, डायनामो बॅटरी भरतो. म्हणजे पट्टा तुटला किंवा घसरला की पाणी आणि हवा दोन्ही एकदम थांबतात. इंधन मात्र जळतच राहते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवरच्या आपल्या भागात उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे दाब धरणारे झाकण ही मर्यादा थोडी वर नेते, पण जुन्या झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर तेवढाही आधार उरत नाही.

रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या मोटारीला समोरून वारा मिळतो. ट्रॅक्टरला तो नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर तासन्‌तास पावलापावलाने सरकतो, मागे ट्रॉलीवर मूर्ती, देखावा आणि कार्यकर्ते, पुढे ढोल-ताशा. अशा वेळी रेडिएटरमधून जाणारी सगळी हवा पंख्याने ओढलेली असते, आणि पंखा त्या पट्ट्यावर. वारीच्या वाटेवर दिंडीमागे चालणाऱ्या ट्रॅक्टरचेही तेच. शेतात नांगरताना कधी न तापलेले इंजिन मिरवणुकीत तापते, याचे गावोगावी मोठे नवल वाटते. त्यात नवल काही नाही. नांगरताना इंजिन भरवेगात असते, पंखाही भरवेगात. मिरवणुकीत इंजिन मंद, पंखा मंद, त्यात पट्टा सैल असेल तर आणखी मंद.

सैल पट्टा आधी डायनामोवर घसरतो. तिथली पुली लहान आणि पट्ट्याचा तिला पडणारा वेढाही कमी. म्हणून तापमानाचा काटा चढण्याच्या आधी चार्जिंगचा दिवा लुकलुकतो किंवा अँमीटर मान टाकतो. दुसरी खूण कानाची: रेस वाढवताच 'चींऽऽ' असा आवाज. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट लागते. मंद चालताना गप्प असलेला पट्टा रेस वाढवल्यावर किंचाळतो तो त्यामुळे.

आता पट्टा पकडतो कसा? पूर्वीच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत छताखाली एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे प्रत्येक यंत्राकडे उतरत. ट्रॅक्टरच्या बाजूला जी रुंद पुली असे, तिच्यावरही असाच सपाट पट्टा चढवून मळणी यंत्र किंवा उसाचा चरक चालवत. सपाट पट्टा पुलीवर पोटाने बसतो. त्याला धरून ठेवायला लांब अंतर आणि भक्कम ओढ लागते. रेडिएटरमागच्या वीतभर जागेत ते शक्य नव्हते. १९१७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन गेट्सने रबर आणि सूत यांचा पाचरीच्या आकाराचा पट्टा बनवला आणि मोटारींचे हे काम सोपे झाले.

हा पट्टा पोटाने बसत नाही, कुशीने बसतो. त्याच्या तिरप्या बाजू पुलीच्या तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारख्या रुततात. लाकूड फोडताना पाचर थोड्या ठोक्यात मोठा जोर बाजूंना लावते, तसेच इथे होते. पुलीच्या खाचेचा कोन ३८ अंश धरला, तर सपाट पट्ट्याच्या मानाने पकड साधारण तिप्पट होते. दोराच्या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले होते. त्यानुसार पकड वेढ्याच्या कोनाबरोबर झपाट्याने वाढते. विहिरीवर सोंदूर खुंटाला दोन वेढे देऊन सोडणाऱ्या कोणालाही ते गणिताशिवाय ठाऊक असते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पट्ट्याचे पोट खाचेच्या तळाला कधीच टेकता कामा नये. बाजू झिजल्या की पट्टा खाली उतरतो, तळाला टेकतो आणि पाचर संपते. मग तो कितीही ताणा, घसरणारच. जुन्या पट्ट्याची तपासणी करताना मी आधी पुलीकडे पाहते. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा टेकत होता. चांगला पट्टा पुलीच्या काठाशी जवळपास समपातळीत असतो. त्याच्या बाजूंना काचेसारखी चकाकी, पोटाला आडव्या भेगा किंवा कडेला सुटलेले सूत दिसले तर तो बदलायचा. ताणून आयुष्य वाढत नाही.

घट्ट पट्ट्याचा अपराध सैल पट्ट्यापेक्षा उशिरा उघडकीला येतो, म्हणून तो जास्त घडतो. मोशीकडच्या एका घरी ट्रॅक्टर सांभाळणारे सत्तरीचे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात जोडणीच्या साखळीवर काम करतो, हुशार मुलगा. एका गणेशोत्सवाआधी त्याने पट्टा बदलला आणि असा ताणला की बोटाने टिचकी मारली तर टण्‌ वाजावा.

तात्यांनी अंगठा टेकवून पाहिला. "काय रे, तंबोरा लावलास का?"

"तात्या, घसरायला नको म्हणून. मिरवणूक आहे."

"घसरणार नाही हे खरं. पण पंपाचं बेअरिंग रडेल."

पुतण्याने हसून सोडून दिले. दिवाळीच्या सुमारास पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकू लागले. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते: आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावे आणि माणसाला कळावे. पट्ट्याची ओढ पंपाचा दांडा सतत एका बाजूला खेचते. बेअरिंग झिजले की दांडा डगमगतो, दांडा डगमगला की सील जाते. डायनामोचे तर आणखी नाजूक असते. जुन्या ल्यूकस पद्धतीच्या डायनामोला पुलीच्या बाजूला बॉल बेअरिंग असले तरी मागच्या टोकाला ब्राँझचे साधे बुश असते. ते अंडाकृती झिजले की आर्मेचर आतल्या पोलना घासू लागते. गंमत अशी, की चिंचवडमध्ये १९६१ साली स्थापन झालेल्या कंपनीचा, आज एसकेएफ म्हणून ओळखला जाणारा, बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, आणि तिथून चार-सहा मैलांवर लोक चांगली बेअरिंगे पट्टा ताणून मारत असतात.

पुतण्याला मी दोष देत नाही. तो ज्या गाड्या जोडतो त्यांत स्प्रिंगचा ताणक आपोआप पट्ट्याला हवा तेवढा ताण देतो, आणि आता त्याच चाकणमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्याही बनतात, ज्यांत इंजिनच नाही तर पंख्याचा पट्टा कुठून असणार. अंगठ्याने ताण जोखायची वेळ त्याच्यावर कामावर कधी आलीच नव्हती. हे ज्ञान साठीसत्तरीच्या पिढीच्या हातात आहे, आणि ट्रॅक्टर मात्र तिशीच्या पिढीच्या ताब्यात चालले आहेत. हा लेख लिहायचे खरे कारण तेच.

नवा पट्टा आणताना जुना सोबत न्यावा. जुन्यावरचा आकडा पुसला असेल तर दुकानदार अंदाजाने देतो, आणि अंदाजाचा पट्टा बहुधा थोडा लांब निघतो. 'ए' म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि जाडी ८. 'बी' म्हणजे १७ आणि ११. पुढचा आकडा आतल्या घेराचा, इंचांत. पट्टा तुटून हरवलाच असेल तर डायनामो इंजिनाकडे ढकलून मग थोडासा बाहेर घ्यावा, आणि तिन्ही पुल्यांच्या काठावरून सुतळी गुंडाळून मोजावी. हा झाला बाहेरचा घेर. 'ए' जातीत त्यातून दोन इंच वजा केले की आकडा मिळतो. दोनच का, तर बाहेरच्या आणि आतल्या घेरातला फरक जाडीच्या सव्वासहा पटीला थोडा जास्त असतो, पट्टा केवढाही असो. ८ मिलिमीटरचे त्या हिशेबाने ५० मिलिमीटर होतात. 'बी'साठी पावणेतीन इंच धरावे. मोटारींच्या पद्धतीच्या काही पट्ट्यांवर मात्र रुंदी आणि बाहेरची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. तिथे वजाबाकी करायची नाही. आणि रुंदीत तडजोड नको. अरुंद पट्टा खाचेत बुडून तळाला टेकतो, वर सांगितलेला सगळा खटाटोप पहिल्या दिवसापासून वाया.

बदलण्याचे काम तासाभराचे. इंजिन थंड हवे आणि बॅटरीची एक तार काढलेली हवी. रेडिएटरच्या पाठीला पुठ्ठा लावून ठेवावा; त्याच्या पातळ पत्र्या हाताला कापतात आणि पान्ह्याच्या एका धक्क्याने चेपतात. डायनामो दोन बोल्टांवर झुलतो, आणि वर एका लांब खाच असलेल्या पट्टीला तिसऱ्या बोल्टाने अडकवलेला असतो. तिन्ही सैल करायचे, काढायचे नाहीत. डायनामो इंजिनाकडे ढकलला की पट्टा ढिला पडतो. आधी तो डायनामोवरून काढायचा, मग पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवत बाहेर. रेडिएटर आणि पाते यांच्यात बोटभर जागा असते, त्यामुळे इथे घाई करणारा हात सोलून घेतो.

पट्टा नसताना पाच मिनिटे मिळतात ती वाया घालवू नयेत. पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवावे. खळखळ लागली तर बेअरिंग गेले. पंखा हाताने फिरवून खरखर ऐकावी. डायनामोचेही तसेच. पुल्यांच्या खाचा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. तेलाचा डाग राहता कामा नये, रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. क्रँकच्या सीलमधून तेल गळत असेल तर नवा पट्टा घालण्याआधी ते थांबवायला हवे. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे सुतळी ताणून पाहता येते. डायनामोच्या बोल्टावरचे एखादे वॉशर मागच्या दुरुस्तीत हरवलेले असते आणि पट्टा तिरका चालून एकाच बाजूने झिजत असतो.

नवा पट्टा पंख्यावरून आत घ्यावा, क्रँकच्या पुलीत आणि पंपाच्या पुलीत बसवावा, शेवटी डायनामोवर चढवावा. तो हाताने चढला पाहिजे. पेचकस खुपसून काठावरून उचकटला तर आतले ताण घेणारे धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात पट्टा एका जागी फुगतो. चढत नसेल तर डायनामो पुरता आत गेलेला नाही किंवा पट्टा आखूड आहे.

मग ताण. लाकडी दांडक्याने डायनामो बाहेर रेटायचा. दांडके पुलीच्या बाजूच्या टोकाला लावायचे, मधल्या पत्र्याच्या अंगाला नाही. खाचेतला बोल्ट आधी आवळायचा, मग खालचे दोन. सगळ्यांत लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहायचे. जुन्या पुस्तिकांत अर्धा ते पाऊण इंच दबावा असे सापडते. आपल्या मॉडेलची पुस्तिका असेल तर तिचाच आकडा खरा, कारण पुल्यांमधले अंतर जास्त तर दबणेही जास्त. तात्यांचा अंगठा आकडा वाचत नाही. ते दाबतात, सोडतात, परत दाबतात, आणि म्हणतात, "बसला." मी पट्टी लावून मोजले तेव्हा जवळपास १५ मिलिमीटर भरले. पुतण्यानेही त्या दिवशी चार-पाच वेळा सैल करून पुन्हा बसवले, मोजपट्टी न बघता आधी अंगठा, मग पडताळा. तिसऱ्या खेपेपासून तो बरोबर येऊ लागला.

इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावे आणि पुन्हा दाबून पाहावे. नवा पट्टा खाचेत रुततो आणि थोडा लांबतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या कामानंतर परत एकदा ताणावा लागतो. इथेच बहुतेक जण चुकतात: दुसऱ्यांदा ताणायचा कंटाळा येईल म्हणून पहिल्यांदाच जास्त ताणतात.

गावठी उपायांबद्दल. किंचाळणाऱ्या पट्ट्याला साबण किंवा राळ लावायची पद्धत अजून आहे. राळ ही चामड्याच्या सपाट पट्ट्यांची गोष्ट. रबरी पाचरीवर ती घटकाभर आवाज बंद करते, मग धूळ धरून बाजू खाते. पट्टा रस्त्यात तुटला तर ट्यूबची पट्टी किंवा नायलॉनची दोरी गाठ मारून चढवणारे मी पाहिले आहेत. घरापर्यंत सावकाश यायला ती पुरेही, पण गाठ प्रत्येक फेरीत पुलीवर आपटते आणि सुटली तर पंख्यात जाते. सुटा पट्टा सीटखाली ठेवणे कितीतरी सोपे.

आणि हात. पट्टा चालू असताना ताण पाहायचा मोह होतो, कारण तेव्हाच आवाज येत असतो. पट्टा आणि पुली जिथे भेटतात तिथे बोट ओढले जाते, ते मागे घ्यायला वेळ मिळत नाही. उपरणे, पदर, सैल बाही, गळ्यातली दोरी यांचेही तेच. मळणी यंत्रांवर हात गमावलेल्यांची संख्या इतकी वाढली होती की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पंख्याच्या पट्ट्याला मात्र जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा जाळी नसते, आणि होती ती कोणीतरी दुरुस्तीच्या सोयीसाठी काढून कोपऱ्यात टाकलेली असते. ती शोधून परत बसवावी.

तात्यांच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहिलेली एक उभी यादी आहे: तारीख, पट्ट्याचा आकडा, आणि काही ठिकाणी शेजारी 'पंप' किंवा 'बुश' एवढाच शब्द. सर्वांत वरच्या दोन ओळी गंजाने गेल्या आहेत. शेवटची ओळ पुतण्याच्या अक्षरात आहे, आणि तिच्याखाली, बारीक अक्षरात, दुसऱ्या दिवशीची तारीख आणि 'परत ताणला'.